चार फूट डावीकडे

बाजारात त्याला काटेसाहेब म्हणत. आडनाव काटे नव्हते. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता आणि तराजू तपासताना काट्याच्या टोकाकडे ज्या नजरेने बघे, ती पाहून कुणीतरी हे नाव ठेवले होते; ते त्याच्या कानावर आले होते आणि मनातून त्याला आवडलेही होते. काळ्या पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजने घेऊन तो सकाळी निघे, दुकानामागून दुकान तपासत जाई, खऱ्या निघालेल्या काट्यांवर शिक्का मारी आणि दुपारी चारच्या ठोक्याला घरी येई. घरी आल्यावरही त्याचे तपासणे थांबत नसे. चहात साखर किंचित जास्त पडली की तो कप खाली ठेवून नुसता बायकोकडे बघे, आणि ती काही न बोलता कप उचलून आत नेई. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, कारण सव्वीस वर्षांच्या संसारात तशी वेळच आली नव्हती.

बायको घरी शिवणकाम करी. मुलांचे फ्रॉक, पडदे, उसवलेल्या बाह्या, सैल झालेल्या कमरा. पुढच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीजवळ तिचे मशीन होते आणि दिवसभर तिथे बायकांची ये-जा असे. त्यांच्याशी ती भरभरून बोले, तोंडात टाचण्या धरूनसुद्धा हसे. चार वाजत आले की गिऱ्हाइके आणि हसू ही दोन्ही आवरती घेतली जात. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहत होती आणि रविवारी फोन करत होती.

कॅमेरा त्याला मिळाला तो बाजाराच्या टोकाच्या स्टुडिओत. तिथला स्टुडिओवाला आता पासपोर्टच्या फोटोंवरच पोट भरी, पण कुणी जुना रोल आणलाच तर मागच्या अंधाऱ्या खोलीत तो स्वतः धुऊन देई. त्याच्या काचेच्या कपाटात हा कॅमेरा कित्येक वर्षे पडून होता. जड, काळ्या कातड्याने मढवलेला, बॅटरी नाही, काटा नाही, उजेड मोजायची सोय नाही. भिंगाभोवतीच्या कडीवर फुटांचे आकडे कोरलेले होते. समोरचा माणूस किती लांब आहे ते आपणच ठरवायचे, कडी त्या आकड्यावर आणायची, उजेडाचा अंदाज करायचा, बोटाने पट्टी ओढून फिल्म पुढे सरकवायची आणि बटण दाबायचे. चूक झाली तर ती आपली.

"ह्यात लबाडीला जागाच नाही," काटेसाहेब तो हातात तोलत म्हणाला.

"म्हणूनच कुणी घेत नाही," स्टुडिओवाला म्हणाला. "हल्लीच्या लोकांना फोटोत गोरं व्हायचं असतं."

पहिला रोल त्याने महिनाभर जपून वापरला. चार वाजता खिडकीतून तिरपा, स्वच्छ उजेड आत येई. तो बायकोला स्टुलावर बसवी, कॅमेरा तिपाईवर चढवी, आणि भिंगापासून तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत मापाची फीत ताणून धरी. नऊ फूट. फितीचे थंड टोक नाकाला लागले की ती डोळे मिटून घेई, आणि तो म्हणे, "डोळे उघड. भिंगात बघ." ती बघे. बटण दाबताना तो मान वर करून तिच्याकडे पाही, तेव्हा तिचे डोळे बरोबर भिंगावर रोखलेले असत. याबद्दल त्याच्या मनात पुढेही कधी शंका आली नाही.

रोल धुऊन झाला तेव्हा स्टुडिओवाल्याने प्रती टेबलावर पसरल्या आणि हसत म्हणाला, "वहिनींचे फोटो झकास आलेत, साहेब. पण त्या बघतायत कुणाकडे?"

काटेसाहेबाने पाहिले. अकरा फोटोंत बायको होती, आणि अकराही फोटोंत तिची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, काटेसाहेबाच्या डावीकडे गेलेली होती. नुसती गेलेली नव्हती, तिथे कशावर तरी ठरलेली होती. किंचित वर, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बसलेल्या माणसाने बघावे तशी. आणि तिचा चेहरा असा होता, की कुणीतरी तिला काहीतरी साधेच विचारले आहे, बरं वाटतंय का, दमलीस का, असे काही, आणि उत्तर द्यायच्या आधीच तिला बरे वाटू लागले आहे. हा चेहरा त्याने सव्वीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

"गंमत केली हो," त्याचा चेहरा पाहून स्टुडिओवाला म्हणाला.

घरी येऊन त्याने फोटो एकामागून एक तिच्यापुढे मांडले. "कुणाकडे बघत होतीस?"

"तुमच्याकडेच की."

"मी इथे होतो. तू इथे बघते आहेस."

तिने एक फोटो उचलून खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "मी बरी दिसतेय ह्यात. हा मी ठेवू का?"

त्याने तो तिच्या हातातून घेतला, मधोमध फाडला, दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट ठेवून पुन्हा फाडला आणि तिच्याच चिंध्यांच्या टोपलीत टाकला. तिने मान खाली घालून मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. दोरा तीनदा चुकला.

आता त्याने हे प्रकरण एखाद्या खोट्या काट्यासारखे तपासायला घेतले. स्टुडिओवाल्याने कॅमेरा उघडून पाहिला, स्वतःच्या भावाचे चार फोटो काढून पाहिले. सगळे सरळ आले. "कॅमेऱ्यात खोट नाही," त्याने सांगितले. मग काटेसाहेबाने स्टुडिओच्या भिंतीवर खडूने एकेक फुटावर खुणा केल्या, स्वतः नऊ फुटांवर बसला आणि प्रत्येक खुणेकडे बघत आपले फोटो काढून घेतले. त्यांतली स्वतःची बुबुळे आणि बायकोची बुबुळे त्याने भिंगाखाली ताडून पाहिली. ती बघत होती ती जागा कॅमेऱ्याच्या डावीकडे चार फुटांवर होती, जमिनीपासून पाच फूट दोन इंच उंच. त्याने दाराच्या चौकटीला टेकून स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजली. तीही पाच फूट दोन भरली.

पुढच्या खोलीत ती चार फुटांवरची जागा मोकळी होती. तिथे एक लादी होती, इतरांसारखीच. त्याने दोन माणसे बोलावली, आतले कपड्यांचे कपाट बाहेर आणवले आणि त्या लादीवर उभे केले.

"उजेड अडेल माझा," बायको म्हणाली.

"अडू दे."

दुसऱ्या रोलमध्ये तिची नजर तीन फुटांवर होती.

कपाटाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे आता जी जागा उरली होती, ती भरायला त्याच्याकडे तिचे मशीनच होते. ते त्याने खिडकीजवळून ओढून तिथे आणले. अंधारात शिवणे जमेना. गिऱ्हाइके येत, मशीन भलत्याच ठिकाणी पाहून चौकशी करत, आणि ती काहीतरी बोलून वेळ मारून नेई. एके दिवशी तो चार वाजता आला तेव्हा शेजारीण दारातच उभी राहून बोलत होती. बायको हसत होती. शेजारीण गेल्यावर त्याने शिवायला आलेले सगळे कपडे एका चादरीत बांधले, अर्धवट शिवलेले, बेतलेले, नुसती टाचणी लावलेले, आणि घरोघर जाऊन स्वतः परत केले. "तिचे डोळे बरे नाहीत," एवढेच तो प्रत्येक दारात म्हणाला. त्यानंतर कुणी येईनासे झाले.

तिसऱ्या रोलमध्ये नजर दीड फुटावर आली होती.

चेहरा मात्र तोच होता. उलट प्रत्येक रोलबरोबर तो अधिक निवत चालला होता, जसे विचारणारे माणूस जवळ येत होते आणि आता त्याला फार मोठ्याने बोलावे लागत नव्हते. काटेसाहेबाने प्रत्येक फोटोत तिच्या डोळ्यांभोवती लाल पेनने वर्तुळे काढली आणि ते फोटो जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर रांगेने चिकटवले. जेवताना तिने त्यांच्याकडे बघू नये म्हणून तिची खुर्ची त्याने उलटी फिरवली.

"कोण आहे?" तो रोज विचारी. शांतपणे, घास चावून झाल्यावर.

"कोण?"

"ज्याच्याकडे बघतेस तो."

"अहो, कितीदा सांगू? समोर तुम्हीच असता. मी दुसरं कुणाकडे बघणार?"

"मग हे काय आहे?"

ती रडत नसे. रडली असती तर त्याला काहीतरी हाती लागल्यासारखे वाटले असते. ती फक्त वाळत चालली होती. दिवसभर बंद खोलीत काम नसलेले हात मांडीवर ठेवून बसलेली असे, आणि बोटे मधूनच कापड सरकवल्यासारखी पुढे जात.

दीड फुटाच्या जागेत त्याने लोखंडी पेटी ठेवली. आता कॅमेऱ्याच्या डावीकडे मुंगीलाही उभे राहायला जागा नव्हती. तरी एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. खात्याच्या कार्यशाळेत तराजूंच्या दांड्या सरळ करायचे काम चाले, तिथे त्याने एक वस्तू करवून घेतली. चार फुटी गज, खाली जड बैठक, वर दोन वाकवलेले आकडे. स्टुलाच्या मागे ती उभी केली की दोन्ही आकडे बसलेल्या माणसाच्या कानांमागे येत, आणि मागचा स्क्रू आवळला की मान कुठेच हलत नसे. करून देणाऱ्याने विचारले, हे कशासाठी? "अचूकतेसाठी," काटेसाहेबाने सांगितले.

पहिल्या दिवशी तिने फक्त, "थोडं सैल करता का?" एवढेच म्हटले. त्याने अर्धा आटा आणखी आवळला. दोन तास ती तशी बसली. त्या दिवशी त्याने चारच फोटो काढले. बाकीचा वेळ तो कॅमेऱ्यामागे उभा राहून तिच्या डोळ्यांकडे बघत होता. ते भिंगावरून रेसभरही ढळले नाहीत. उठल्यावर तिच्या कानांमागे दोन निळे वळ होते. दुसऱ्या दिवशी तिथेच आकडे पुन्हा बसले. चौथ्या दिवशी तिची कातडी फुटली. मग तिने आपल्याच टोपलीतल्या चिंध्या घेऊन आकड्यांवर नीट टीप घालून गादी शिवली, आणि त्याने ती फाडली नाही, कारण तिने तोवर तक्रार करणे सोडले होते आणि त्याला त्यात प्रगती दिसत होती.

खरोखरच प्रगती होती. चारच्या सुमारास ती आपण होऊन केस विंचरू लागली. चांगले कपडे काढून ठेवू लागली. एकदा तर तो दार उघडून आत आला तेव्हा ती स्टुलावर जाऊन बसलेली होती, मान आकड्यांत अडकवून, आणि तिचा रंग उजळला होता. शेवटी माणूस वळणावर येतोच, असे त्याला वाटले.

तो रोल आणायला गेला तेव्हा स्टुडिओवाल्याने प्रती टेबलावर पसरल्या नाहीत. पाकीट बंदच पुढे सरकवले.

"सरळ बघतायत आता," तो म्हणाला. "एकूण एक. अगदी भिंगात."

काटेसाहेबाने तिथेच पाकीट उघडले. छत्तीस फोटो. छत्तीस वेळा बायको थेट त्याच्याकडे बघत होती, आणि चेहरा तोच होता, तोच विचारपूस केल्यासारखा, तोच निवलेला, फक्त आता तो त्याच्यासाठी होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणाला तरी काही दाखवावेसे वाटले, आणि त्याने वर पाहिले.

स्टुडिओवाला फोटोंकडे बघत नव्हता. "मानेशी ते काय आहे, साहेब?"

"मान हलू नये म्हणून."

स्टुडिओवाल्याने टेबलावरचे फडके उचलले, काच पुसली, पुन्हा जागेवर ठेवले. "तुमचं काम झालं ना आता? मग पुढचे रोल दुसरीकडे द्या. माझ्याकडे नको."

त्या रविवारी मुलीचा फोन आला. आधी ती आईशी बोलली. बराच वेळ, आणि आतून बायकोच्या हसण्याचा आवाज येत होता. मग फोन त्याच्याकडे आला.

"बाबा," मुलगी चाचरत म्हणाली. तिला त्याच्याशी असे बोलायची सवय नव्हती. "आई सांगत होती सगळं. मला खूप बरं वाटलं."

"काय सांगत होती?"

"हेच, की तुम्ही हल्ली रोज तीनला घरी येता. तिच्याजवळ बसता. विचारता, दुखतंय का, सैल करू का. तुम्ही तिला कानांमागे मलम लावून देता म्हणाली. काय झालंय तिच्या कानांना?"

"काही नाही," तो म्हणाला.

"जपा तिला. आणि बाबा, उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. तिनं तर केव्हाच सोडून दिलंय सगळं."

त्याने फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, पाठमोरी, काहीतरी गुणगुणत. केस वर बांधलेले होते. तो जवळ गेला. दोन्ही कानांमागच्या जखमांवर पिवळसर मलमाचा पातळ थर होता, कुणीतरी बोटाच्या टोकाने सावकाश, कडेकडेने फिरवलेला. त्याने मलमाच्या डबीसाठी सगळे घर धुंडाळले. डबी सापडली नाही.

सोमवारी तो बाजारात गेला, पण कुठल्याच काट्यावर त्याचे लक्ष लागेना. एका दुकानात त्याने शिक्का मारायला घेतला आणि वजने लावलीच नाहीत हे दुकानदाराने त्याला सांगितले. चारला पाच मिनिटे कमी असताना तो घरी पोहोचला. बायको स्टुलावर होती, मान आकड्यांत, हात मांडीवर. डोळ्यांत पाणी तरळत होते, पण ते दुःखाचे नव्हते. तो तिपाईजवळ गेला आणि सवयीने कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या छोट्या गोल खिडकीत पाहिले, जिथे काढून झालेल्या फोटोंचा आकडा दिसे. शनिवारी त्याने आकडा नऊवर सोडला होता. रविवारी त्याने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आता तिथे बारा होते.

"हात कुणी लावला ह्याला?"

ती गोंधळली. "मघाशी तुम्हीच काढलेत ना तीन?"

"मघाशी म्हणजे केव्हा?"

"तासभर झाला असेल. अजून एक काढतो म्हणालात, आणि मग..." तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिले, रस्त्यात कुणी ओळखीचे म्हणून हाक मारावी आणि जवळ गेल्यावर ते दुसरेच निघावे, तसे. तिच्या तोंडावरचा उजेड विझला आणि खांदे आपोआप वर आले. "काही नाही," ती हळूच म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

त्याने तिच्यावर हात उगारला नाही. फक्त स्क्रू शेवटपर्यंत आवळला, आणि उजेड संपेपर्यंत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. ती भिंगात बघत होती. पण भिंगामागे तो असताना त्या चेहऱ्यावर काहीच नव्हते.

मंगळवारी त्याने नोकरीत पहिल्यांदा न कळवता दांडी मारली. सकाळी नेहमीप्रमाणे पेटी घेऊन निघाला, अर्ध्या रस्त्यातून वळून दुपारपर्यंत इकडेतिकडे रेंगाळला आणि अडीच वाजता आवाज न करता दार उघडून आत शिरला. आत न्हाणीघरात पाणी पडत होते. त्याने पुढच्या खोलीत सगळे तपासले. खिडकी आतून बंद. कपाटात कपडे, पेटीत जुन्या चादरी. कॅमेरा तिपाईवर, आकडा बारा. मग तो लोखंडी पेटीवर बसला, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर, तिच्या अगदी नजरेसमोर, गुडघ्यांवर हात ठेवून. जो येईल त्याला या दारातूनच यावे लागणार होते, आणि दाराकडे त्याचे तोंड होते.

तीनच्या सुमारास ती बाहेर आली. केस ओले होते. तिने त्याच्या अंगावरून जात खिडकीचा पडदा सरकवला, उजेड लादीवर कुठवर आला ते पाहिले, आणि स्टुलावर बसून स्वतःच्या हातांनी मान आकड्यांत सरकवली. त्याच्या गुडघ्याला तिच्या कपड्याचा काठ घासून गेला तरी ती थबकली नाही. तो काही बोलणार होता. तेवढ्यात तिने डोळे उचलून भिंगाकडे पाहिले, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याने आजवर फक्त कागदावर पाहिलेला तो चेहरा जागा झाला.

"नाही, आज नाही दुखत," ती म्हणाली.

दारातून कुणी आले नव्हते. त्याने मान वळवून कॅमेऱ्यामागे पाहिले. तिथे भिंत होती आणि तिपाईचे तीन पाय.

"बघा ना, खपली धरली," ती म्हणाली, आणि कुणीतरी जवळून पाहावे म्हणून तिने मान वळेल तेवढी वळवली. मग ऐकत राहिली. ऐकता ऐकता हसली. तिच्या कानांमागे आकड्याचा स्क्रू, हळूहळू, एकेक आटा, सैल होत गेला. कॅमेऱ्यावर भिंगाची कडी किंचित फिरली आणि थांबली. फिल्म पुढे सरकल्याचा तो करकर आवाज त्याच्या कानाशी, अगदी इतक्या जवळ झाला, की पट्टी ओढणाऱ्या माणसाचा कोपर आपल्याला लागेल म्हणून काटेसाहेब नकळत बाजूला सरला.

त्या हालचालीने तिचे लक्ष पहिल्यांदाच पेटीकडे गेले. तिने त्याच्याकडे पाहिले. घाबरून नाही, रागानेही नाही. शिवायला बसलेली असताना एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या अनोळखी माणसाकडे ती बघे, तसे, सभ्यपणे, थोडी अवघडून. तिने अंगावरचा कपडा सारखा केला आणि नजर पुन्हा भिंगामागे नेली.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांना जरा बाहेर बसायला सांगता का?"

काटेसाहेब उठला, आपली वजनांची पेटी उचलली, बाहेर गेला, आणि दार ओढून घेताना त्याचा आवाज होणार नाही याची त्याने काळजी घेतली.